पर्पट आणि फ्यूमरेट : नामसाम्य व द्रव्यभेद

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत दिल्या जाणाऱ्या डायमिथाइल फ्यूमरेटचा संबंध पर्पटाशी जोडण्याचा मोह वैद्यास होणे स्वाभाविक आहे. फ्यूमॅरिक आम्लास हे नाव फ्यूमॅरिया या वनस्पतीवरून मिळाले, आणि पर्पट म्हणून फ्यूमॅरिया पार्व्हिफ्लोरा वापरली जाते. (महाराष्ट्रात ‘घाटी पित्तपापडा’ म्हणून मिळणारी जस्टिशिया ही वेगळीच वनस्पती होय, म्हणजे येथे ते नामसाम्यही उरत नाही.) षडंगपानीयातील पर्पटाचे दाह, तृष्णा व पित्तज्वरावरील कार्य आपण नित्य अनुभवतो. तथापि त्यावरून पर्पटक्वाथ हा फ्यूमरेटचा पर्याय ठरत नाही.

फ्यूमॅरिक आम्ल वनस्पतीत असते, तसेच शरीरातील पेशींत क्रेब्स चक्रातही निर्माण होते. परंतु मोकळे आम्ल आतड्यातून नीट शोषले जात नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर श्वेकेंडीक यांनी स्वतःच्या सोरायसिसवर या आम्लाचे एस्टर वापरून १९५९ साली ते अनुभव प्रसिद्ध केले. पुढे १९९४ मध्ये जर्मनीत अशा एस्टरांचे मिश्रण ‘फ्यूमाडर्म’ नावाने सोरायसिससाठी मान्य झाले. २००६ साली केवळ १० रुग्णांच्या एका जर्मन अभ्यासात हेच मिश्रण दिल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसमधील मेंदूतील सक्रिय विकृतिस्थाने घटलेली दिसली. नंतरच्या ‘डिफाइन’ या मोठ्या चाचणीत (२०१२) दोन वर्षांत रोगाचा पुनरुद्रेक झालेल्यांचे प्रमाण दिवसातून दोनदा डायमिथाइल फ्यूमरेट घेणाऱ्यांत २७ टक्के, तर आभासी औषध घेणाऱ्यांत ४६ टक्के आढळले. अमेरिकेत २०१३ मध्ये त्यास मान्यता मिळाली. मात्रा प्रथम सात दिवस १२० मिलिग्रॅम व नंतर २४० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून दोनदा.

शरीरात या द्रव्याचे मोनोमिथाइल फ्यूमरेट बनते. ते एनआरएफ-२ या प्रथिनास कार्यप्रवृत्त करून पेशींची ऑक्सिडीकरणविरोधी यंत्रणा वाढविते. प्रतिकारपेशींवरही परिणाम करते. कार्यपद्धती अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही. हेच डायमिथाइल फ्यूमरेट बुरशीनाशक म्हणून पुड्यांतून सोफ्यांत घातले गेले आणि युरोपात अनेकांना तीव्र त्वचादाह झाला. २००९ मध्ये युरोपीय संघाने असा वापर बंद केला. द्रव्य एकच, मार्ग भिन्न, परिणाम विपरीत!

औषधांच्या चिठ्ठीवर ‘फ्यूमरेट’ शब्द दिसला म्हणजे हेच औषध, असेही समजू नये. फेरस फ्यूमरेट हे लोह, बिसोप्रोलॉल फ्यूमरेट हे हृद्रोग व रक्तदाबाचे औषध. तेथे फ्यूमरेट केवळ क्षाररूपाने जोडलेले असते.

डायमिथाइल फ्यूमरेट घेणाऱ्या सुमारे ४० टक्के रुग्णांना चेहऱ्यावर लाली व दाह जाणवतो. उदरशूल, अतिसारही होतात. लक्षणे पित्तप्रकोपाची भासली तरी औषध परस्पर बंद करू नये. अन्नासह घेतल्यास लाली कमी होते व बहुधा पहिल्या महिन्यानंतर त्रास ओसरतो. खरी दक्षता लिम्फोसाइट पेशींची आहे. त्यांची संख्या सहा महिन्यांहून अधिक काळ ५०० च्या खाली राहिल्यास औषध थांबविण्याचा विचार मज्जातंतुविकारतज्ज्ञ करतात, कारण अशा अवस्थेत पीएमएल हा मेंदूचा घातक विषाणुसंसर्ग झालेला आढळला आहे. म्हणून रुग्णाचा अलीकडील रक्ततपासणी अहवाल प्रथम मागावा. दृष्टिमांद्य, एकांगदौर्बल्य, वागण्या-बोलण्यातील बदल ही लक्षणे नव्याने दिसल्यास वातप्रकोप समजून बस्तिक्रमात दिवस न दवडता रुग्णास त्याच दिवशी संबंधित तज्ज्ञाकडे पाठवावे.