कॅमेरा आणि प्रिंटर : निवडीचा उलटा क्रम

अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या सेवेत असलेल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली जो पहिला डिजिटल कॅमेरा सिद्ध केला, त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते, त्याच्या कृष्णधवल चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते आणि ते एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. परंतु या सर्वांहून लक्षणीय गोष्ट ही की, ते चित्र पाहावयाचे ते दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर, कागदाचा त्या व्यवहारात कोठेही संबंध नव्हता. त्यापूर्वी फिल्मचा रोळ स्टुडिओवाल्याच्या स्वाधीन केला की तो धुण्यापासून कागदावर चित्र उमटविण्यापर्यंतची सारी जबाबदारी त्याची असे. डिजिटल तंत्राने टिपणे आणि छापणे यांची फारकत केली, आणि दोन्ही यंत्रे पारखून घेण्याचा भार सामान्य गिऱ्हाइकाच्या शिरावर येऊन पडला.

हा भार वाहताना बहुतेकांचा क्रम चुकतो. ऐपतीच्या टोकाला जाऊन प्रथम कॅमेरा घ्यावयाचा, उरल्या पैशांत मिळेल तो प्रिंटर आणावयाचा आणि कागद हाताशी असेल तो वापरावयाचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. वस्तुतः चित्र कोठे आणि केवढ्या आकाराचे लावावयाचे हे अगोदर निश्चित करावे, त्यावरून छपाईची तजवीज ठरवावी आणि त्या छपाईस पुरेल असा कॅमेरा शेवटी निवडावा, हा उलटा क्रमच अंती हिताचा ठरतो.

प्रथम आकाराचा हिशेब पाहू. हातात धरून पाहावयाच्या छायाचित्रात दर इंचास ३०० बिंदू असले म्हणजे डोळ्यांना उणीव भासत नाही, असे या व्यवसायात सामान्यतः धरले जाते. त्या मापाने अल्बमातील ४ × ६ इंचांच्या चित्रास १२०० गुणिले १८००, म्हणजे सुमारे २२ लक्ष बिंदू पुरतात. ८ × १२ इंचांस सुमारे ८६ लक्ष, तर १२ × १८ इंचांच्या भिंतीवरील चित्रास एक कोटी ९४ लक्ष लागतात. मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदू, हे ध्यानात घेतले की २४ मेगापिक्सेलांचा आजचा मध्यम प्रतीचा कॅमेरा घरगुती गरजा भागवून वर शिल्लक टाकतो, हे उघड होते. शिवाय मोठे चित्र आपण दुरून पाहतो, सबब तेथे दर इंचास २०० बिंदूंवरही काम निभते. अधिक मेगापिक्सेलांसाठी अधिक रक्कम मोजणे हे पुष्कळदा न वापरावयाच्या खोलीचे भाडे भरण्यासारखे होते.

कागदाच्या मापाचीही एक मेख आहे. ए-४ कागदाची लांबी पावणेबारा इंचांहून किंचित कमी असल्यामुळे ८ × १२ इंचांचे पूर्ण चित्र त्यावर बसतच नाही. ८ × १० बसते, पण कॅमेऱ्याच्या चित्राची लांबी-रुंदी बहुधा तीनास दोन या प्रमाणात असल्याने कडेचा भाग कापावा लागतो. १२ × १८ इंचांचे चित्र घरीच छापावयाचे तर १३ × १९ इंचांचा, म्हणजे ए-३ प्लस मापाचा कागद घेणारे यंत्र हवे. खरेदीपूर्वी हा तपशील न पाहणाऱ्यास पुढे प्रत्येक चित्राशी तडजोड करावी लागते.

कॅमेऱ्याच्या गुणवत्तेचा खरा आधार बिंदूंच्या संख्येपेक्षा ज्यावर ते बिंदू असतात त्या संवेदकाच्या, म्हणजे सेन्सरच्या, क्षेत्रफळात अधिक आहे. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत तो सुमारे ६ × ४.५ मिलिमीटरांचा असे. एपीएस-सी नावाच्या प्रचलित प्रकारात तो सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरांचा, तर फुल-फ्रेममध्ये जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिलिमीटरांचा असतो. पहिल्याच्या मानाने दुसऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे तेरापट आणि तिसऱ्याचे सुमारे तीसपट भरते. जितके क्षेत्र अधिक तितका प्रकाश अधिक जमा होतो, आणि प्रकाश अपुरा पडला की चित्रात जी रवाळ भेसळ दिसते ती तितकीच कमी होते. भर दुपारी अंगणात काढलेल्या चित्रांत हा भेद फारसा जाणवत नाही. समयांच्या उजेडातील आरती किंवा रात्रीचा मांडव टिपताना तो लपत नाही.

संवेदकाइतकेच, किंबहुना कांकणभर अधिक, महत्त्व भिंगास द्यावे. कॅमेऱ्याबरोबर स्वस्तात मिळणारे १८-५५ मिलिमीटरांचे भिंग लांबच्या टोकास एफ-५.६ एवढेच उघडते. स्वतंत्र घेतलेले ५० मिलिमीटरांचे एफ-१.८ भिंग त्याच्या सुमारे दसपट प्रकाश आत घेते, आणि किमतीच्या मानाने त्याचा उपकार फार मोठा असतो. कॅमेऱ्याचे नमुने दर दोन-तीन वर्षांनी जुने ठरतात, चांगले भिंग मात्र पुढील कॅमेऱ्यावरही चालते. यास्तव अंदाजपत्रकात भिंगाचा वाटा वाढवून कॅमेरा एक पायरी खालचा घेणे शहाणपणाचे होय. आरशाच्या जुन्या एसएलआर पद्धतीचे कॅमेरे आज वापरलेले आणि सुस्थितीतील असे वाजवी दरात मिळतात. नवा कॅमेरा घ्यावयाचा तर आरसाविरहित, म्हणजे मिररलेस जातीचा घ्यावा, कारण मोठ्या कंपन्यांची नवी भिंगे आता त्याच जातीसाठी निघतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. तेव्हा सिलिका जेलची पुडी घातलेला हवाबंद डबा हा खरेदीचाच भाग समजावा. आणि अल्बमातील चित्रांपुरतीच हौस असेल तर हातातील बऱ्यापैकी मोबाइल त्या कामास पुरेसा आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आता प्रिंटर. कचेरीतील दस्तऐवजांसाठी उत्तम ठरणारा लेझर प्रिंटर छायाचित्रास उपयोगाचा नाही. त्याच्या भुकटीतून त्वचेवरील छटांची सूक्ष्म चढउतार नीट साधत नाही. इंकजेट हे खरे छायाचित्रांचे यंत्र. कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली शाई भरलेल्या सुईला डाख देण्याची तापलेली सळई चुकून लागली आणि शाईचा थेंब उडाला, या प्रसंगातून उष्णतेने थेंब फेकणारी एक पद्धत निघाली; एपसनने पुढे तेच काम विद्युत्दाबाने आक्रसणाऱ्या स्फटिकाकडून करवून घेतले. पेटीवर छापलेले ५७६० × १४४० असे आकडे या थेंबांच्या जागांचे असतात, चित्राच्या बिंदूंचे नव्हेत. एका छटेसाठी अनेक थेंब खर्ची पडत असल्यामुळे ते आकडे पाहून भुलण्याचे कारण नाही.

पाहावयाची ती शायांची संख्या आणि जात. चार शायांच्या अनेक घरगुती यंत्रांत काळी शाई मजकुरासाठी असते आणि चकचकीत कागदावर ती वापरलीच जात नाही. मग काळा रंग उरलेल्या तीन शायांच्या मिश्रणातून निघतो आणि केस व सावल्या तपकिरी-करड्या दिसू लागतात. सहा शायांच्या यंत्रांत बहुधा फिकट निळी आणि फिकट किरमिजी यांची भर असल्याने गालांवरील आणि आकाशातील उतरत्या छटा अधिक सफाईने येतात. विरघळणारी डाय शाई चकचकीत कागदावर उठून दिसते, परंतु ओलाव्याने पसरते आणि उन्हाने लवकर विटते. कणयुक्त पिग्मेंट शाई महाग, पण टिकाऊ. कागदाचा दोषही यात मिसळतो : सन २००० च्या सुमारास एपसनच्या काही छायाचित्रांवर हवेतील ओझोनमुळे अल्पावधीत नारिंगी झाक चढल्याचा बोभाटा झाला होता, आणि शाई व कागद यांची जोडी एकत्रच पारखावी, हा धडा त्यातून व्यवसायाने घेतला.

खर्चाच्या दृष्टीने टाकीचे प्रिंटर आरंभी महाग आणि पुढे स्वस्त, तर काडतुसांचे नेमके उलट. मात्र दोन्हींना स्वस्थ बसणे सोसत नाही. उन्हाळ्यात महिनाभर यंत्र बंद राहिले की शाई छिद्रांत वाळते आणि सफाईच्या आज्ञेत पुष्कळ शाई फुकट जाते. आठवड्यातून एक रंगीत पान छापण्याचा नेम ठेवावा. क्वचितच छापणाऱ्यांसाठी फितीवरील रंग उष्णतेने कागदावर चढविणारी डाय-सब्लिमेशनची छोटी यंत्रे सोयीची. आकार बहुधा ४ × ६ एवढाच, पण फीत व कागद एकत्र मिळत असल्याने दर चित्राचा खर्च आधीच ठाऊक असतो.

दुकानात जाताना आपल्या पेन ड्राइव्हवर दोन चित्रे न्यावीत : एक माणसाच्या चेहऱ्याचे आणि एक निव्वळ कृष्णधवल. प्रिंटरची खरी परीक्षा दुसऱ्यात होते, कारण करड्या छटेत हिरवी अथवा गुलाबी झाक शिरली तर ती तत्काळ उघडी पडते. घरी आल्यावर छापील चित्र काळवंडलेले वाटले, तर यंत्रास दोष देण्यापूर्वी संगणकाच्या पडद्याचा उजेड कमी करून पाहावा आणि छपाईच्या आज्ञेत कागदाचा प्रकार योग्य नमूद केला आहे की नाही, ते तपासावे.

सारांश, महिन्यास दहा-वीस छायाचित्रेही छापली जाणार नसतील तर प्रिंटर घेऊच नये. ती रक्कम भिंगावर खर्चावी आणि निवडक चित्रे गावातील चांगल्या कलर लॅबकडून छापून घ्यावीत. नियमाने छापणाऱ्याने सहा शायांचा टाकीचा प्रिंटर, त्याच कंपनीचा छायाचित्राचा कागद आणि एपीएस-सी संवेदकाचा कॅमेरा घ्यावा. सामान्य कुटुंबास याहून अधिकाची गरज बहुधा पडत नाही.