बैठकीत उत्तर कोणी द्यायचे?

लस, औषध किंवा सुसज्ज प्रसूतिगृह यांमुळे नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात, हे कोणालाही पटते. नुसत्या बैठकांनी ते कमी होतील, हे मात्र डॉक्टरांच्याही सहज गळी उतरत नाही. झारखंड आणि ओडिशातल्या तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात नेमके हेच तपासले. निष्कर्ष २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. महिलांच्या मासिक बैठका झाल्या त्या भागांत नवजात मृत्युदर इतर भागांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होता.

बैठक चालवणारी डॉक्टर वा नर्स नसे. त्याच भागातली एक बाई असे. भाषण नाही. चित्रे, खेळ आणि गोष्टी. समजा, गोष्टीतले बाळ गार पडून दगावले. ती विचारणार, का? वार पडेपर्यंत ते उघडेच होते. का? सगळ्या जणी आईभोवती होत्या. आणि कोरडे फडके? ते आधी काढून ठेवलेच नव्हते. इथवर आल्यावर पुढचे उत्तर बायकांनाच सुचते, आणि स्वतःला सुचलेले असल्याने पाळलेही जाते. आधी अडचणी, मग त्यांतली कोणती पहिली घ्यायची हे, मग उपाय आणि शेवटी काय साधले याचा हिशेब, असे हे चक्र सुमारे वीस बैठकांचे. तिसऱ्या मिनिटाला उत्तर सांगून मोकळे होणाऱ्या डॉक्टरी स्वभावाला हे जडच जाणार.

साबणाने हात धुणे, नाळ बांधायला उकळलेला दोरा, निव्वळ स्तनपान असे बदल घरच्या बाळंतपणांत दिसले.

ही जादू मात्र नव्हे. बांगलादेशातल्या अशाच प्रयोगात फरक पडला नाही. तिथे सुमारे चौदाशे लोकांमागे एक गट होता, ‘एकजुट’कडे पाचशेहून कमी लोकांमागे. मुंबईच्या वस्त्यांतही मृत्युदर घटल्याचे दिसले नाही. तिथली बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयात होत होती. सात चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१३मध्ये आला. निदान ३० टक्के गर्भवती बैठकांना येत होत्या, तिथे परिणाम ठळक होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्ये ग्रामीण भागासाठी ही पद्धत सुचवली. आपल्याकडे गावोगावी आरोग्य, पोषण व स्वच्छता समित्या आहेत, त्यांच्या बैठकाही होतात. त्यांच्या इतिवृत्तात ठरावांशेजारी आणखी दोन रकाने असावेत: गर्भवती किती आल्या, आणि बहुतेक वेळ कोण बोलले.