यशवंतरावांचे परराष्ट्र खाते : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य सातारा-सांगलीकडच्या सभांतून इतके घोटले गेले आहे की, 1962 च्या संरक्षणमंत्र्याच्या आड, ऑक्टोबर 1974 ते मार्च 1977 या काळात परराष्ट्र खात्याचा कारभार पाहणारे यशवंतराव चव्हाण झाकले गेले. आणि जेथे माहिती तोकडी, तेथे दंतकथेस मुभा मिळतेच.

गैरसमज : यशवंतराव जन्माने कराडचे.
वस्तुस्थिती : कराड ही त्यांची शिक्षणभूमी व कर्मभूमी, जन्म मात्र 12 मार्च 1913 रोजी आजोळी, सागरेश्वराजवळच्या देवराष्ट्रे गावी. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निराळा निघाला व 1960 मध्ये त्यासच सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे त्यांच्यावरील दोन्ही जिल्ह्यांची मालकी रास्तच आहे.

गैरसमज : चीनशी तुटलेला संबंध प्रथम जनता राजवटीने जोडला.
वस्तुस्थिती : जनता सरकारचे परराष्ट्रमंत्री वाजपेयी यांच्या 1979 च्या पेकिंग भेटीचे महत्त्व निर्विवाद असले, तरी 1961 पासून रिकामे पडलेले राजदूतपद भरण्याचा निर्णय एप्रिल 1976 मध्ये लोकसभेत जाहीर केला तो यशवंतरावांनी, आणि त्यानुसार के. आर. नारायणन पेकिंगला गेले. त्याच वर्षी जुलैत पाकिस्तानशी 1971 मध्ये खंडित झालेले राजनैतिक संबंध पूर्ववत होऊन अमृतसर-लाहोर आगगाडी सुरू झाली. अखेरचा शब्द पंतप्रधान इंदिरा गांधींचा असे, हे खरे. परंतु 1965 च्या युद्धात संरक्षण खाते सांभाळलेल्या आणि ताश्कंदच्या वाटाघाटींस हजर राहिलेल्या मंत्र्याच्या मुखातून समेटाची भाषा निघावी, यास वेगळे वजन होते.

गैरसमज : स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेल्या या नेत्याकडे आणीबाणीची जबाबदारी येत नाही.
वस्तुस्थिती : राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाल्यावर, 26 जून 1975 च्या सकाळी, मंत्रिमंडळापुढे आणीबाणीचा जाहीरनामा केवळ मंजुरीस्तव आला, हे ध्यानात घेऊनही, यशवंतराव त्या मंत्रिमंडळात होते व पुढेही राहिले, ही गोष्ट पुसता येत नाही. देशाबाहेर हक्कांची बाजू घेणारे, दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध 1946 पासून संयुक्त राष्ट्रांत झगडणारे भारताचे धोरण त्यांच्या कारकिर्दीतही अबाधित राहिले. देशात मात्र, पेकिंगला राजदूत पाठविण्याची घोषणा ज्या एप्रिलात झाली, त्याच महिन्याच्या 28 तारखेस, स्थानबद्धांना आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि तो मागणारे सरकार यशवंतरावांचेही होते.