पडसे आणि दमा

पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जिवाणूंचा नाश करणाऱ्या या औषधाने असंख्य प्राण वाचविले. त्यामुळेच की काय, दमेकरी मुलाला पडसे झाले, की लोक अशाच औषधाचा आग्रह धरतात. परंतु पडसे विषाणूंमुळे होते, आणि विषाणूंपुढे पेनिसिलिनचे काही चालत नाही.

मग अशा मुलाच्या छातीत घडते तरी काय? त्याच्या श्वासनलिका मुळातच हळव्या आणि अरुंद. पडशाने त्या आतून सुजतात, त्यांत चिकट कफ साचतो, भोवतालचे स्नायू आवळतात आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. आवळलेले स्नायू सैल करते ते साल्ब्युटामॉल. ते फवाऱ्याने थेट श्वासात घ्यावयाचे असते. तीन-चार वर्षांच्या बालकाला फवारा व श्वास यांचा मेळ साधत नाही; म्हणून मध्ये स्पेसर नावाचे पोकळ नळकांडे बसवितात आणि त्याचा मुखवटा नाकातोंडावर घट्ट धरतात. फवाऱ्याची सवय जडते, ही समजूत निराधार आहे. तिच्यापायी पुष्कळ मुले विनाकारण धापा टाकीत बसतात.

फवारा देऊनही बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल, बोलवत नसेल वा ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र असो की पाऊस, तत्काळ रुग्णालय गाठावे.