शाहिराचा आवाज पडद्यावर गेला, शाहिराच्या हक्काचे काय?

आंबेडकरी चळवळ भाषणांनी जेवढी वाढली तेवढीच ती गाण्यांनी वाढली. कुरुंद्यासारख्या गावात राहणाऱ्या आम्हा माणसांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात, आणि एकूणच हिंगोली, परभणी, नांदेडच्या पट्ट्यात, ज्या पिढीला अक्षर लागत नव्हते त्या पिढीने बाबासाहेब गाण्यातून ऐकले. भीमराव कर्डकांच्या जलशाचे मोल खुद्द बाबासाहेबांनी जाणले होते. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरले. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या, पोचीराम कांबळे शहीद झाले. त्या काळ्या दिवसांतही हलगी थांबली नाही.

जलशाचा हाच आवाज पुढे सिनेमाच्या पडद्यावर गेला. तो कसा गेला, कुणी नेला आणि त्यातून गाणाऱ्याच्या पदरात काय पडले, याचा विचार चळवळीने आता केला पाहिजे.

या प्रवासातले सर्वांत ठळक नाव शाहीर संभाजी भगत यांचे. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या महू गावचा हा माणूस मुंबईत आला आणि 'आव्हान नाट्य मंच'च्या माध्यमातून वस्त्यावस्त्यांत, कामगारांच्या सभांत, रस्त्यावर गाऊ लागला. त्याच फळीत विलास घोगरे होते. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात झोपडपट्टी तोडीच्या अन्यायावर गाणारा आवाज विलास घोगरेंचाच. म्हणजे आमचा शाहीर चाळीस वर्षांपूर्वीच पडद्यावर पोहोचला होता.

त्याचे पुढे काय झाले, हे चळवळीला ठाऊक आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० जण शहीद झाले. चार दिवसांनी विलास घोगरेंनी गळफास घेतला. त्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या पटवर्धनांनी १४ वर्षे खपून तीन तासांहून मोठा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पुरा केला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयात जन्मठेप झाली. शाहीर मात्र परत आला नाही.

संभाजी भगत गात राहिले. २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक रंगभूमीवर आले. संकल्पना, गीते आणि संगीत भगतांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. यातले कलावंत बहुतेक जालना जिल्ह्यातले, शेतीमातीतले, आमच्याच मराठवाड्याचे. शिवाजी महाराजांना न्यायला आलेला यम त्यांचे विचार नेऊ शकत नाही, आणि मग महाराजांचा जिरेटोप बसेल असे डोके शोधत हिंडतो, अशी ती कल्पना. ज्या पोवाड्याच्या जोरावर इतिहास वाकडा करून सांगितला गेला, त्याच पोवाड्यातून भगतांनी तो सरळ केला. मंचावर दोन शाहिरांचा सामना लागतो आणि प्रेक्षकाला कौल द्यावा लागतो. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत आमच्या लोकांनी तिकीट काढून रांगा लावल्या, हे आपण विसरू नये.

मग आला 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाचा हा चित्रपट २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार घेऊन आला. पुढे तो सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला आणि २०१५ मध्ये भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. यातला नारायण कांबळे हा वृद्ध लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून पोलीस त्याला मंचावरून उचलून नेतात. नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली. १३ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले. या चित्रपटातली गाणी संभाजी भगत यांची.

येथे संगीतकाराचे काम किती अवघड होते ते पाहा. हिंदी सिनेमात माणूस रडला की मागे व्हायोलिन रडते. 'कोर्ट'मध्ये तसले काही नाही. कोर्टातली कंटाळवाणी शांतता आहे, पंख्याची घरघर आहे, आणि शाहीर मंचावर चढला तरच गाणे आहे. ते गाणे खरे वाटले नाही तर सगळा चित्रपट कोसळतो, कारण खटलाच त्या गाण्यावर उभा आहे. पडद्यासाठी म्हणून भगतांनी जलसा गुळगुळीत केला नाही. शाहिराने ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ती उचलायची, समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा, ही जलशाची रीत त्यांनी तशीच ठेवली. व्हेनिसला गेला तो वस्तीतला आवाज, वस्तीतल्याच कपड्यांत गेला.

आणि हा खटला कल्पनेतला म्हणून सोडून देता येत नाही. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली करावे लागले. शीतल साठे तेव्हा गरोदर होत्या. पडद्यावरच्या शाहिराला पुरस्कार देणारा आणि रस्त्यावरच्या शाहिरावर बेकायदा कृत्याचे कलम लावणारा देश एकच आहे.

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी युद्धविरोधी विद्यार्थ्यांवर नॅशनल गार्डच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थी मेले. तेथे शिकणाऱ्या मार्क मदर्सबॉ आणि त्याच्या मित्रांनी त्या रागातून 'डिव्हो' नावाची गायक मंडळी उभी केली. 'न्यू वेव्ह' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतात या मंडळीचे नाव मोठे झाले. पुढे हाच मदर्सबॉ पडद्याचा संगीतकार झाला. 'रगरॅट्स' ही मुलांची कार्टून मालिका, वेस अँडरसनचे चित्रपट, २०१७ चा 'थॉर : रॅग्नारॉक', असे कितीतरी काम त्याने केले. स्वतःची संगीत कंपनी काढली. शिवाय तो पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर रोज चित्रे काढत राहिला. ती हजारोंच्या घरात गेली आणि २०१४ मध्ये डेन्व्हरच्या संग्रहालयात त्याच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले.

तोही गोळीबारातून पेटलेला गायक, आमचेही गोळीबाराने होरपळलेले गायक. मदर्सबॉबद्दल आम्हाला असूया नाही. पण फरक कशात आहे? त्याच्या प्रत्येक चालीवर त्याचे नाव लागले, प्रत्येक वापराचा पैसा मोजला गेला, प्रत्येक कागद जपून ठेवला गेला. आमच्या शाहिरांच्या वह्या कुठे आहेत? माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वाळवी खाते आहे!

कायद्याची बाजू तर आपल्यापैकी कित्येकांना माहीतच नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी गीत लिहिणाऱ्याचा किंवा चाल बांधणाऱ्याचा, ते गाणे चित्रपटगृहाबाहेर वापरले गेल्यास मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा आता कुणाला लिहून घेता येत नाही. तो वाटा फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो. निर्मात्याने कोऱ्या कागदावर सही घेतली तरी हा हक्क बुडत नाही. गीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. तरीही मोबाईलवर त्यांची गाणी वाजतात आणि खाली नाव भलत्याचेच असते. चाल एखाद्या सिनेमाची उचललेली असेल तर तिच्यावर आपला हक्क नाही, हेही ध्यानात ठेवावे; शब्द मात्र आपले आहेत आणि ते आपल्याच नावावर राहिले पाहिजेत.

आमच्या कुरुंद्याचे नाव नरहर कुरुंदकरांच्या आडनावातून महाराष्ट्रभर गेले. भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिणाऱ्या माणसाच्या आडनावाचे हे गाव. अशा गावातल्या वस्तीत आज गाणारी, ढोलकी वाजवणारी, मोबाईलवर स्वतः चित्रीकरण करणारी पोरे आहेत. त्यांच्या अंगी गुण आहे, पण वाट दाखवणारे कुणी नाही. कुणी शहरातून येतो, हजार-दोन हजार हातावर ठेवतो, गाणे ध्वनिमुद्रित करून नेतो. पोरगा खूश, बाप खूश. पुढे ते गाणे लाखो लोक ऐकतात आणि पोरगा उसाच्या तोडीला जातो. याला कला म्हणायचे की वेठबिगारी?

जयंती मंडळांनी आपला हिशेब एकदा तपासून पाहावा. डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, त्याच्या निम्म्यात गावच्या गायन पार्टीला मानधन देता येते आणि म्हाताऱ्या गायकाच्या वह्या उतरवून घेता येतात. प्रत्येक विहारात एक कपाट आणि एक संगणक शाहिरांसाठी असावा. गाणे कुणी लिहिले, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे गायिले, एवढे तरी त्यात नोंदले जावे. आपल्यातले वकील आहेत, शिक्षक आहेत, बँकेत काम करणारे आहेत. त्यांनी गावच्या गायकाजवळ बसून करारनाम्याचा कागद वाचून दाखवला तर तेही चळवळीचेच काम होईल.

बाबासाहेबांनी आम्हाला हक्क कागदावर लिहून दिले, कारण तोंडी आश्वासनाचा भरवसा किती हे त्यांना ठाऊक होते. शाहिरांच्या बाबतीत आपण मात्र अजून टाळ्यांवरच भागवतो आहोत. संभाजी भगतांनी जलसा व्हेनिसपर्यंत नेऊन दाखवला. त्यांच्या मागून येणाऱ्या पोराला विलास घोगरेंसारखे एकटे पडू द्यायचे नसेल, तर येत्या जयंतीच्या बैठकीत मिरवणुकीच्या आधी गायकांचा विषय घ्या.

जयभीम!