जुनी कन्व्हर्टिबल घेऊन विकायची आहे? आधी महिन्याचा हिशोब मांडा



जुन्या गाड्यांच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की एक विचार हमखास डोक्यात येतो. "स्विफ्ट, वॅगन-आरमध्ये गाडीमागे थोडेच पैसे सुटतात. त्यापेक्षा एकच भारी गाडी घेऊ, छत उघडणारी, दोन सीटची. एका डीलमध्ये लाखो रुपये!"

विचार चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा कागदावर मांडू, कारण इथे पणाला लागणार आहे ती तुमची वर्षानुवर्षांची बचत. उदाहरणाला आपल्याकडची बीएमडब्ल्यू झेड-फोर घेऊ.

आधी आकडे

समजा, तुम्ही गाडी २४ लाखांना घेतली आणि २८ लाखांना विकली. मार्जिन ४ लाख. आता खर्च बघा (आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका):

- टायर, सर्व्हिसिंग, पॉलिश, छताचं काम: १,२०,०००
- मार्जिनमधला १८ टक्के जीएसटी: सुमारे ६१,०००
- २४ लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज: महिना २४,०००
- पार्किंग, विमा, धुणं-पुसणं: महिना ८,०००

पहिले दोन खर्च एकदाच होतात. शेवटचे दोन मिळून महिन्याला ३२,००० रुपये जातात.

गाडी दोन महिन्यांत गेली, तर हातात साधारण १,५५,००० राहतात. सहा महिने लागले, तर फक्त २७,०००. सातव्या महिन्यात तुम्ही तोट्यात! विक्रीची किंमत तीच, २८ लाख. फरक फक्त तारखेचा.

"पण पैसे माझेच आहेत, व्याज कुठलं?" असं म्हणू नका. तेच पैसे दुसऱ्या कामात फिरले असते, त्याचं उत्पन्न बुडालं. तोही खर्चच.

स्विफ्टला गिऱ्हाईक गल्लोगल्ली मिळतं. झेड-फोरला अख्ख्या शहरात मोजके. शिवाय ज्याला ती परवडते, त्याला घाई नसते. म्हणून या धंद्याचा पहिला नियम: नफा खरेदीच्या दिवशी ठरतो, आणि रोज थोडा थोडा झिजतो.

खरेदी कधी करायची?

आपल्याकडे छत उघडून फिरायचे दिवस म्हणजे दिवाळी ते फेब्रुवारी. मे महिन्यात ऊन आणि जून ते सप्टेंबर पाऊस. पावसात मालकालाही गाडी नकोशी होते: पार्किंग अडलेलं, गाडी उभीच. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या आणि दिवाळीच्या आसपास विकायला काढा.

आणखी एक फायदा आहे. पावसाळ्यात गाडी गळते का, हे विकणाऱ्याला लपवता येत नाही.

गाडी बघताना

झेड-फोरच्या पिढ्या आधी समजून घ्या. २००९ ते २०१६ ची पिढी, जिला ई-८९ म्हणतात, तिचं छत धातूचं आणि दुमडणारं. २०१९ मध्ये भारतात आलेल्या जी-२९ चं छत कापडी. दोन्हींची तपासणी वेगळी.

१. छत तीन वेळा उघडा-बंद करा. मध्ये अडकलं, कुरकुरलं किंवा डॅशबोर्डवर सूचना आली, तर तिथेच थांबा. धातूच्या छतात हायड्रॉलिक पंप, सेन्सर, बिजागऱ्या असतात. "किरकोळ आहे, होऊन जाईल" हे विकणाऱ्याचं वाक्य. लेखी कोटेशन आणल्याशिवाय भाव बोलू नका.

२. पायाखालची मॅट उचला, खालच्या कार्पेटवर तळहात दाबा. डिकीचा तळही बघा. ओल किंवा कुबट वास म्हणजे पाणी आत येतंय. सीटखालच्या वायरिंगपर्यंत पाणी गेलं, तर रोज नवी कटकट.

३. कापडी छत असेल तर शिवण, घड्यांच्या रेषा आणि काचेभोवतीचा जोड बघा.

४. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. कमी चाललेल्या गाडीचे टायर जाड दिसतात, पण रबर म्हातारं झालेलं असतं.

५. ई-८९ ची ३५आय असेल, तर हाय प्रेशर फ्युएल पंप बदलल्याचं बिल मागा. याच पंपासाठी कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलावल्या होत्या.

जाणकार मेकॅनिकला पैसे देऊन सोबत न्या. गाडी न घेण्याचा सल्ला मिळाला, तरी ते पैसे वसूल.

कागद पक्के, तर डील पक्कं

- परिवहन पोर्टलवर मालकांची संख्या, विमा, कर्जाचा बोजा, थकलेली ई-चलनं बघा.
- बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०.
- पुद्दुचेरी किंवा दुसऱ्या राज्याची पाटी असलेली गाडी स्वस्त दिसते. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नवीन नंबर घ्यावा लागतो, आणि इथला रोड टॅक्सही. तो धरून भाव करा.
- विकत घेतल्यावर १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या.

हौस म्हणून स्वतःची गाडी विकणं वेगळं आणि धंदा करणं वेगळं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षं चालतं. गाडी ताब्यात आली की फॉर्म २९सी भरून पोर्टलवर कळवायचं. अशी गाडी ट्रायल, प्रदर्शन, दुरुस्ती, सर्व्हिसिंग यांसाठीच रस्त्यावर काढता येते. मित्रांना लोणावळ्याला फिरवून आणायला नाही!

जीएसटीचंही लक्षात ठेवा. मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा खरेदी किंमत. दुरुस्तीला घातलेले १,२०,००० त्यातून वजा होत नाहीत. आमच्या उदाहरणात कर पूर्ण ४ लाखांवरच मोजलाय. सीएसोबत एकदा बसाच.

गाडी हातात असेपर्यंत

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. आठवड्यातून एकदा छत पूर्ण उघडा-बंद करा, पण इंजिन चालू ठेवून. नाहीतर बॅटरी उतरते. लांब उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावा.

छताच्या कडेचं पाणी खाली सोडणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यात कडुनिंबाची पानं, धूळ अडकली की पाणी आत वळतं. त्या मऊ नायलॉनच्या दोरीने हलक्या हाताने मोकळ्या करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निसटू शकतो. कापडी छत ओलं असताना दुमडू नका, प्रेशर वॉटरही जवळून मारू नका. रबरांना रबरासाठीचंच कंडिशनर लावा.

प्रत्येक कामाचं बिल आणि फोटो ठेवा. भारी गाडीचं गिऱ्हाईक चकाकीपेक्षा फाईल बघून विश्वास ठेवतं.

विकताना

दोष आधी सांगा, लिहून द्या. "उजव्या चाकावर ओरखडा आहे" हे तुम्ही सांगितलं, तर गिऱ्हाईक बाकीचंही खरं मानतं. त्याला सापडलं, तर सगळ्यावरच शंका.

आणि खरेदीच्या दिवशीच एक तारीख ठरवा. त्या तारखेपर्यंत गाडी गेली नाही, तर किंमत कमी करायची. वरच्या हिशोबात चौथ्या महिन्यात ५०,००० कमी घेऊन विकलेली गाडी, सहाव्या महिन्यात पूर्ण किमतीला विकलेल्या गाडीपेक्षा जास्त देऊन जाते. स्वतः मांडून बघा.

भांडवल कमी असेल तर?

२४ लाख नसतील तर निराश होऊ नका. या गाड्यांच्या मालकांची एक अडचण आहे: नेहमीच्या गॅरेजमध्ये छताची, रबराची, नळ्यांची नीट काळजी घेणारा माणूस सहज सापडत नाही. मे महिन्यात "पावसाळ्यापूर्वीची छत तपासणी" अशी सेवा द्या. एखाद्या चांगल्या कारागिराच्या हाताखाली काम शिकून घ्या. साहित्याला थोडं भांडवल लागतं, माल अडकत नाही. आणि कुठली गाडी कधी विकायला निघणार, हे सगळ्यात आधी तुम्हालाच कळतं. पुढे कमिशनवर विकून देण्याचं काम इथूनच उभं राहतं.

आजचा गृहपाठ: वहीत तीन आकडे लिहा. माझं भांडवल किती? महिन्याला ते अडकून राहण्याचा खर्च किती? कितव्या महिन्यात माझा नफा शून्य होतो? तिसरा आकडा लिहिता आला नाही, तर टोकन देऊ नका.