हाडांच्या संशोधकाची जडणघडण

गुडघेदुखी हा शहरी मध्यमवर्गीय कुटुंबांत हल्ली रोजच्या बोलण्यातला विषय झाला आहे. कुणाच्या आईचा गुडघा बदललेला असतो, कुणाच्या वडिलांना कमरेच्या हाडांची घनता तपासायला सांगितलेले असते, तर कुणाच्या तरुण मुलीला सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत म्हणून आमवाताचे निदान झालेले असते. अशा वेळी डॉक्टर जो सल्ला देतात, तो एका दीर्घ साखळीचा शेवटचा दुवा असतो. अमुक औषध परिणामकारक आहे, तमुक कृत्रिम सांधा पंधरा-वीस वर्षे टिकतो, या वयात शस्त्रक्रियेपेक्षा व्यायाम बरा, ही विधाने कुणीतरी कधीतरी तपासून सिद्ध केलेली असतात. हे तपासण्याचे काम करणारा अस्थी आणि सांध्यांच्या विकारांचा संशोधक रुग्णाला सहसा दिसत नाही. तो घडतो कसा आणि त्याच्या प्रशिक्षणात उणीव राहिली तर त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

हाड ही जिवंत वस्तू

शाळेतील सांगाडा पाहून हाड म्हणजे निर्जीव, चुनखडीसारखी वस्तू असा समज होतो. प्रत्यक्षात हाड सतत मोडत आणि नव्याने बांधले जात असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी त्या जागी नवे हाड रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी अशा रीतीने नवा होतो. मोडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा वाढला की हाडे ठिसूळ होतात. सांध्यातील कूर्चेची गोष्ट याच्या उलट आहे. तिला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे एकदा झिजलेली कूर्चा शरीराला पूर्ववत करता येत नाही. आमवातात तर शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला चढवते.

म्हणजे हाडाचा अभ्यास हा एकाच वेळी पेशींचा, रसायनांचा, प्रतिकारशक्तीचा आणि यंत्रशास्त्राचाही अभ्यास असतो. साधे चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, तो कसा विभागला जातो हा प्रश्न अभियंत्याचा आहे. त्याच गुडघ्यात सूज का येते हा प्रश्न जीवशास्त्रज्ञाचा, आणि कोणत्या वस्तीत, कोणत्या वयात, कोणत्या कामामुळे ती अधिक आढळते हा साथरोगशास्त्रज्ञाचा. एकाच पदवीतून ही सारी उत्तरे मिळत नाहीत. या क्षेत्रात येण्याचे दरवाजेही म्हणूनच अनेक आहेत.

अनेक दरवाजे

पहिला दरवाजा शल्यचिकित्सकाचा. एमबीबीएसनंतर अस्थिशल्यशास्त्रात तीन वर्षांचे एमएस किंवा समकक्ष डीएनबी करताना प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. संशोधनाशी त्याची ती पहिली ओळख. दुसरा दरवाजा संधिवाततज्ज्ञाचा. एमडीनंतर तीन वर्षांचा डीएम अभ्यासक्रम लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा मोजक्या ठिकाणी उपलब्ध आहे. तिसरा दरवाजा विज्ञान शाखेचा. जीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवायची आणि चार-पाच वर्षे पीएचडीसाठी द्यायची. चौथा दरवाजा अभियांत्रिकीचा. मुंबईच्या आयआयटीत २०१४ पासून कार्यरत असलेल्या बेटिक या केंद्रात अभियंते आणि डॉक्टर एकत्र बसून वैद्यकीय उपकरणे घडवतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत शरीरात बसवता येतील अशा पदार्थांवर काम चालते. याखेरीज भौतिकोपचार आणि संख्याशास्त्र यांतूनही अनेकजण या वाटेला लागतात.

दरवाजा कोणताही असो, आत आल्यावर शिकायच्या काही गोष्टी समान आहेत. प्रयोगशाळेत पेशी वाढवणे, हाडाचा केसापेक्षा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे, सूक्ष्म सीटी यंत्राने हाडातील जाळीदार रचना मोजणे, चालण्याचे विश्लेषण करणे ही झाली हाताची कौशल्ये. प्राण्यांवर प्रयोग करायचे तर त्यासाठीची परवानगी आणि वेदना कमीत कमी ठेवण्याची शिस्त आवश्यक असते. माणसांवर करायचे तर संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हवी. औषधे किंवा उपकरणांच्या चाचण्यांची आगाऊ नोंद करण्यासाठी २००७ मध्ये भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणी सुरू झाली आणि २००९ पासून ती सक्तीची झाली. निकाल मनासारखा आला नाही म्हणून चाचणीच गायब करण्याची पळवाट या नोंदणीमुळे अरुंद होते.

स्वतःवर शंका घेण्याची सवय

हाताच्या कौशल्यांपेक्षा अवघड असते ती मनाची शिस्त. आधुनिक खुबारोपणाचे जनक मानले जाणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्न्ली यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खुब्याच्या कृत्रिम वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. सुरुवातीचे निकाल उत्साहवर्धक होते, वेदनेने जखडलेले रुग्ण चालू लागले. पण काही वर्षांतच टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांनी भोवतालच्या उती बिघडल्या आणि कित्येक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. चार्न्ली यांनी हे अपयश लपवले नाही. टेफ्लॉनची प्रतिक्रिया पाहण्यासाठी त्यांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढचा धडा त्यांना त्यांच्या तंत्रज्ञाने दिला. १९६२ मध्ये एका विक्रेत्याने अतिघन पॉलिथिलिनचा नमुना आणला. चार्न्ली यांना त्यात अर्थ वाटला नाही, पण हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने तो झिजवण्याच्या यंत्रावर चढवून ठेवला. कित्येक दिवसांनंतरही तो जवळजवळ झिजला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पदार्थ प्रथम रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. पहिल्या अपयशाने पोळलेले चार्न्ली नंतर सावध झाले. रायटिंग्टनच्या त्यांच्या रुग्णालयात येऊन पद्धत शिकलेल्या शल्यचिकित्सकांनाच आपला सांधा मिळावा, असा आग्रह त्यांनी सुरुवातीची काही वर्षे धरला. प्रशिक्षण हा त्यांच्या दृष्टीने उपचाराचाच भाग होता.

शंका घेण्याच्या शिस्तीचा दुसरा नमुना अमेरिकेतील आहे. गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांच्या सांध्यात दुर्बीण घालून तो धुण्याची व साफ करण्याची शस्त्रक्रिया जगभर लोकप्रिय होती. रुग्णांना बरे वाटे, त्यामुळे तिच्या उपयुक्ततेबद्दल कुणाला संशय नव्हता. ह्यूस्टनमधील संशोधकांनी १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाचा सांधा साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला आणि तिसऱ्या गटाला त्वचेवर केवळ छेद देऊन टाके घातले. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हते, मात्र खोट्या शस्त्रक्रियेची शक्यता त्यांनी आधीच लेखी मान्य केली होती. दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर तिन्ही गटांत वेदनेचा वा हालचालीचा लक्षणीय फरक आढळला नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालाने अस्थिशल्यशास्त्रात खळबळ उडवली. रुग्णाला बरे वाटणे आणि उपचाराने बरे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आज संशोधनाचे प्राथमिक प्रशिक्षण घेणाऱ्यालाही शिकवले जाते, त्यामागे अशा अभ्यासांचे बळ आहे.

भिगवणची पाठशाळा

सर्व संशोधन प्रयोगशाळेत होत नाही, हे महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये कॉपकॉर्ड नावाचा उपक्रम आखला. विकसनशील देशांत महागड्या तपासण्यांविना, घरोघरी जाऊन, हाडासांध्यांच्या दुखण्याची मोजदाद करणे हा त्याचा हेतू. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्यासाठी इंदापूर तालुक्यातील भिगवण निवडले. गावातीलच स्वयंसेवकांना प्रश्नावली भरण्याचे प्रशिक्षण देण्यात आले आणि चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. साधारण दर पाच-सहा प्रौढांमागे एकाला हाडासांध्यांचे दुखणे असल्याचे आढळले. आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले.

या पाहणीतून शिकण्यासारखे बरेच आहे. 'दुखते का' या साध्या प्रश्नालाही शेतकरी स्त्री 'नाही' म्हणू शकते, कारण अंगदुखी तिला आजार वाटतच नाही. मराठीत 'वात' हा शब्द डझनभर दुखण्यांसाठी वापरला जातो. तेव्हा प्रश्न कसा विचारायचा, बोट कुठे ठेवायला सांगायचे, उत्तर कसे नोंदवायचे, हे सारे शिकावे लागते. परदेशी आकडे उसने घेऊन आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन करता येत नाही. आपला प्रश्न आपणच मांडण्याची ही वृत्ती भारतीय अस्थिशल्यशास्त्रात पूर्वीही दिसली आहे. मणक्याच्या क्षयावर पाश्चात्त्य केंद्रांत मोठ्या शस्त्रक्रियांचा पुरस्कार होत असताना वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये 'मध्यममार्ग' मांडला. आधी औषधे, आणि गरज असेल त्यालाच शस्त्रक्रिया. मर्यादित साधनांतून उपजलेली ही पद्धत पुढे जगन्मान्य झाली.

नोंदवही नसेल तर

संशोधकाला शिकावी लागणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दीर्घकाळ वाट पाहणे. कृत्रिम सांध्याचा खरा निकाल दहा-वीस वर्षांनी कळतो. म्हणून स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पुढे ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आदी देशांनीही हा मार्ग स्वीकारला. धातूवर धातू घासणाऱ्या एएसआर या खुब्याच्या सांध्यातील दोष ध्यानात आला तो मुख्यतः अशा नोंदवह्यांमुळे. कंपनीने २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेल्याचे सांगितले जाते, पण यांतील अनेक रुग्णांचा ठावठिकाणा नंतर लागला नाही. शरीरात सदोष सांधा घेऊन वावरणाऱ्या माणसाला तसे कळवताही येऊ नये, ही नोंदी न ठेवण्याची जबर किंमत होय. खुबा आणि गुडघा शल्यचिकित्सकांच्या भारतीय संघटनेने नोंदवही चालवली आहे, परंतु तिच्यात माहिती भरणे ऐच्छिक आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. ते सांधे किती वर्षे टिकतात, हे देशाला सांगणारी यंत्रणा मात्र तितक्याच निकडीची आहे.

उणीव कुठे?

आपल्याकडे बुद्धिमत्तेची वानवा नाही, वानवा आहे ती वेळेची आणि मार्गदर्शकांची. सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टर अपघाताचे रुग्ण, बाह्यरुग्ण विभाग आणि शस्त्रक्रियागृह यांत दिवसरात्र गुंतलेला असतो. त्याचा प्रबंध बहुधा शेवटच्या काही महिन्यांत हातावेगळा केला जातो आणि पदवी मिळाली की कपाटात जातो. पुढे खासगी व्यवसायात शिरल्यावर संशोधनासाठी वेळ देणे म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणे ठरते. दुसरीकडे, विज्ञान शाखेतील संशोधकाला प्रत्यक्ष रुग्ण भेटतच नाही. एकाकडे प्रश्न आहेत, दुसऱ्याकडे साधने आहेत, पण दोघांची गाठ पडत नाही.

परिस्थिती अगदीच निराशाजनक आहे असेही नाही. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आता सक्तीचा आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो चालवते. प्रश्नाची मांडणी, नमुन्याचा आकार, संख्याशास्त्र आणि नैतिकता यांची तोंडओळख त्यातून होते. परंतु पोहण्याचे पुस्तक वाचून पोहता येत नाही. प्रबंधाला संरक्षित वेळ, वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्रज्ञाचे पद, डॉक्टर आणि अभियंत्याला एकाच विद्यार्थ्याचे सहमार्गदर्शक होण्याची मुभा, आणि संशोधन करणाऱ्या शल्यचिकित्सकाला सन्मानाने जगता येईल असे वेतन, या गोष्टींची जोड त्याला मिळायला हवी.

वाढत्या आयुर्मानामुळे झिजलेले सांधे आणि ठिसूळ हाडे घेऊन जगणाऱ्या भारतीयांची संख्या पुढील दशकांत वाढतच जाणार आहे. जमिनीवर मांडी घालून बसणारा, उकिडवे बसून काम करणारा येथील गुडघा परदेशी गुडघ्यापेक्षा वेगळ्या मागण्या करतो. त्याची उत्तरे येथेच शोधावी लागतील. रुग्णही यात हातभार लावू शकतो. आपल्याला बसवलेल्या सांध्याचे नाव, आकार आणि क्रमांक असलेला कागद मागून घेणे व जपून ठेवणे, पाठपुराव्याच्या तपासणीला न चुकता जाणे, आणि 'या उपचाराचा पुरावा काय?' हा प्रश्न नम्रपणे पण स्पष्टपणे विचारणे, एवढे त्याच्या हाती आहे. असा प्रश्न विचारणारे रुग्ण वाढले, तर त्याचे उत्तर शोधणारे संशोधक घडवण्याची निकडही वैद्यकीय शिक्षणाला अधिक जाणवेल.